सात हजारांचं कर्ज

माझं गाव देऊळगाव राजा, बालाजी महाराजांच्या यात्रेचं गाव. कुस्तीच्या शौकिनांमध्ये बसलात तर एक शब्द हमखास कानावर पडतो, 'नुरा'. म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. दोघे पैलवान नुसती खडाखडी करतात, कुस्ती बरोबरीत सुटते आणि इनाम वाटून घेतलं जातं. २००० साली हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण बाहेर आलं, २०१३ मध्ये आयपीएलचं स्पॉट फिक्सिंग गाजलं, तेव्हा आपल्याला केवढा धक्का बसला! पण खेळ विकण्याचा धंदा क्रिकेटने शोधलेला नाही.

म्हणूनच मला खाशाबा दादासाहेब जाधवांबद्दल लिहावंसं वाटलं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील पैलवान, त्यामुळे माती घरातच होती. अंगाने लहानखुरे, पण चपळ आणि डावपेचात तरबेज. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे गादीवर खेळला आणि सहावा आला!

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र सगळंच अवघड होऊन बसलं. निवडीत डावललं गेलं म्हणून त्यांना दाद मागावी लागली, पुन्हा कुस्ती खेळून जागा मिळवावी लागली. मग प्रश्न आला पैशाचा. गावाने वर्गणी काढली, तरी पुरेना. शेवटी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विचार करा, आपल्या विद्यार्थ्यासाठी प्राचार्य घर गहाण टाकतात! त्या काळात सात हजार म्हणजे काय रक्कम असेल!

खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. गावी परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण हार-तुरे सुकले तरी कर्ज तसंच होतं. मग खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

मला हा भाग पदकापेक्षा मोठा वाटतो. सट्टेबाज आधी कोणाला गाठतो? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला. नाव झालेलं, खिसा रिकामा, गुरूचं घर गहाण. असा खेळाडू म्हणजे आयतंच सावज! खाशाबांनी ते पैसे आखाड्यात घाम गाळून फेडले. म्हणजे पैसा खेळात आला म्हणून खेळ नासतोच असं नाही. सरांच्या पैशाने खाशाबांना लढायला पाठवलं. नुरावाल्याचा पैसा पैलवानाला न लढण्यासाठी मिळतो. दोन्ही नोटा सारख्याच दिसतात, एवढंच.

पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. सरकारदरबारी मात्र त्यांची फारशी कदर झाली नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, त्यालाही पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर!

आता आपल्या होस्टेलचं बोलू. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली, पण मॅचवर 'लावणं' काही थांबलेलं नाही. आधी शंभर, मग मेसचे पैसे, मग रूम पार्टनरकडून उसने. ज्या सट्ट्यापायी खेळाडू विकले जातात, त्यात आपलाही शंभराचा हिस्सा असतोच की! आणि घरून आलेले फीचे पैसे कोणी कुठून उभे केलेत, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुणाचं शेत गहाण असेल, कुणाच्या आईच्या पाटल्या. खाशाबांनी आपलं कर्ज फेडलं. आपलं फेडायचं अजून बाकी आहे, दोस्तांनो!