एका वर्षाची अट

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. जमाखर्चाच्या वह्या सोडून मी एका जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंवर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीची माहिती वाचत असताना संस्थापकांच्या यादीत मला डॉ. कमला सोहोनी हे नाव दिसले. त्या नावामागोमाग गेले ती थेट बटाट्याच्या पेशीपर्यंत जाऊन पोहोचले!

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बेंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी वडिलांच्याच संस्थेत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, अर्ज केला. तेव्हा तेथे संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांना नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण!

कमलाबाई बेंगळूरला गेल्या आणि सत्याग्रहाच्या निर्धाराने त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे. आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही. त्यांनी सारे मान्य केले. श्रीनिवासय्या या कडक पण मनापासून शिकवणाऱ्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला. पण तो अपमान कमलाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत.

शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. त्यांचे तिथले काम मला समजले तसे सांगते. आपल्या पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग असतात. तेथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातात आणि शेवटी प्राणवायूला मिळतात. या देवघेवीत सुटणारी ऊर्जा फॉस्फेट जोडून एटीपी या रेणूत साठवली जाते. आमच्या भाषेत एटीपी म्हणजे पेशीच्या हातातली रोकड, आणि सायटोक्रोम सी हा तिच्या व्यवहारातला एक मध्यस्थ. प्राण्यांच्या पेशींतील सायटोक्रोम ठाऊक होते. बटाट्यावर काम करताना ते वनस्पतींतही असल्याचे कमलाबाईंना आढळले. अवघ्या १४ महिन्यांत लिहिलेल्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

त्या शोधाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. सायटोक्रोम सी तंतुकणिकेबाहेर सांडले की पेशी आपलाच शेवट करू लागते, हे १९९६ साली दिसून आले. चेतापेशी एकदा गेल्या की सहसा भरून येत नाहीत. म्हणून स्मृतिभ्रंश, कंपवात अशा रोगांच्या अभ्यासात तंतुकणिकेकडे विशेष लक्ष दिले जाते. फॉस्फेटच्याच लांब माळांचा, म्हणजे पॉलिफॉस्फेटचा, तिच्या कामावर काय परिणाम होतो, हेही शास्त्रज्ञ तपासत आहेत.

कमलाबाई १९३९ सालीच परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. ते विम्याचे गणिती, म्हणजे आमच्या शाखेच्या जवळचे! त्यानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसह गरिबांच्या आहारातील पदार्थांचा अभ्यास केला. नीरेवरील संशोधनाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेचे संचालकपदही मिळाले, पण उशिरा. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहकांसाठी भेसळीविषयी लिहिले. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

आता माझे थोडेसे. हुबळीहून धारवाडला शिकायला येण्याची परवानगी मला मिळाली ती अंधार पडण्यापूर्वी घरी परतण्याच्या अटीवर. कमलाबाईंना रात्री थांबण्याची अट होती, मला न थांबण्याची! दोन्ही अटी घालणाऱ्यांना आपण मुलीचे भलेच करतो, असे वाटत असणार. मीही मुकाट्याने हो म्हटले.

कमलाबाई विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या, म्हणून त्या वर्षभरात स्वतःला सिद्ध करू शकल्या, असे आपण अभिमानाने सांगतो. पण द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झालेली एखादी मुलगी त्याच दारात उभी असती तर? तिच्यासारख्याच गुणांच्या मुलांना अट नव्हती. त्या वर्षाच्या ताळेबंदात कमलाबाईंचे यश जमेला दिसते. जिने अर्जच केला नाही, तिची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही. मी पहिली येणाऱ्यांतली नाही, म्हणून मला तिची अधिक आठवण होते.