गोळेश्वरचे खाशाबा : प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं, पोरानं ऑलिम्पिकचं पदक आणलं

कळंब (ता. आंबेगाव) : चैत्र लागला की आंबेगाव-जुन्नरच्या गावागावात यात्रांची लगबग सुरू होते. सकाळी घाटात बैलगाडे, रात्री तमाशा आणि दुपार कलली की कुस्त्यांचा आखाडा. हलगी कडाडते, माणसं गोल करून बसतात आणि पहिल्यांदा मातीत उतरतात ती शाळकरी पोरं. रेवड्यांवरची कुस्ती, नारळावरची कुस्ती, मग पन्नास-शंभर रुपयांची. कोण आठवीत, कोण नववीत. यातलाच एखादा पोरगा पुढं शालेय स्पर्धेत तालुका मारतो, जिल्हा मारतो, विभागाला जातो. आणि नेमका तिथंच घरात एक प्रश्न उभा राहतो. खुराक, प्रवास, बूट, राहणं-खाणं, हा खर्च करायचा कुणी?

हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोरापुढं उभा होता. फरक एवढाच की, त्याला विभागाला नाही, थेट फिनलंडला जायचं होतं. त्या पोराचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक खेळातलं पहिलं पदक मिळवून देणारा पैलवान.

घरातच तालीम

कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव आहे. तिथं १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. पाचव्या वर्षीच वडिलांनी मातीत उतरवलं. शेतीचं काम, दूध-भाकरीचा खुराक आणि पहाटेच्या जोर-बैठका, हेच घरातलं वळण. आठ-दहा वर्षांचे असतानाच आसपासच्या यात्रांत त्यांनी मोठ्या पोरांना आस्मान दाखवायला सुरुवात केली.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचं शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. काळ मोठा धामधुमीचा होता. १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा सातारा जिल्हा आघाडीवर होता. खाशाबा तेव्हा हायस्कूलचे विद्यार्थी. चळवळीतल्या माणसांना आसरा देणं, निरोप पोचवणं असली कामं या वयात त्यांनी केली. शाळा, शेत, तालीम आणि चळवळ असं सगळं एकाच वेळी चाललं होतं.

अंगानं लहान म्हणून नकार

हायस्कूल संपल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान तिथलंच. पण खाशाबांचा बांधा ठेंगणा, अंगकाठी लहान. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडं बघूनच नकार दिला. हा काय कुस्ती खेळणार, असा त्यांचा समज झाला.

खाशाबा परत फिरले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी पोराचं ऐकून घेतलं आणि खेळायला परवानगी दिली. मग आखाड्यात खाशाबांनी आपल्यापेक्षा थोराड पैलवान एकामागून एक पाडले. त्या दिवसापासून प्राचार्यांचा या पोरावर जीव जडला. पुढं याच ओळखीनं इतिहास घडवला.

ताकदीपेक्षा चपळाई आणि डाव ही खाशाबांची खरी कमाई होती. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याची मान पकडीत घेऊन त्याला असा फेकायचे की, बघणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळायचं नाही. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवलं.

लंडनला पहिल्यांदा गादी पाहिली

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरलं. खाशाबांची निवड झाली. जाण्या-येण्याचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. वय वर्षं २२.

पण लंडनला गेल्यावर कळलं की, तिथं माती नाहीच. कुस्ती गादीवर. आपल्याकडं पाठ टेकेपर्यंत कुस्ती सुटत नाही. तिथं वेळ ठरलेली, आणि पाठ टेकली नाही तरी पंच निकाल देणार. मातीत पाय रोवून उभं राहायची सवय असलेल्या पैलवानाचे पाय गादीवर वेगळे पडतात. आज तालुक्याच्या आखाड्यातून जिल्ह्याच्या मॅटवर पहिल्यांदा जाणाऱ्या पोराला हे बरोबर कळेल. खाशाबांना तर हे सगळं थेट ऑलिम्पिकमध्येच शिकावं लागलं. तिथं अमेरिकेचे रीस गार्डनर यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं.

तरीही फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या पैलवानांना त्यांनी हरवलं. इराणच्या पैलवानाकडून हार झाली. शेवटी सहावा क्रमांक मिळाला. गादीवर नवख्या असलेल्या पैलवानासाठी ही लहान गोष्ट नव्हती. पण खाशाबांचं समाधान झालं नाही. परत आल्यावर त्यांनी मेहनत वाढवली. वजनगट बदलला. चार वर्षं एकच ध्यास घेतला, हेलसिंकी.

एका गुणानं हुकलेली निवड

१९५२ च्या ऑलिम्पिकसाठी मद्रासला निवड स्पर्धा झाली. तिथं निरंजन दास या पैलवानासमोर खाशाबांना एक गुण कमी मिळाला आणि संघातलं नाव गेलं. हा निकाल आपल्यावर अन्याय करणारा आहे, असं त्यांना वाटलं. ते गप्प बसले नाहीत, भांडणही केलं नाही. पटियालाच्या महाराजांकडं त्यांनी रीतसर दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. फेरलढत ठरली. खाशाबांनी त्याच पैलवानाला पाडलं आणि आपली जागा मिळवली.

सात हजार रुपयांचं ओझं

निवड झाली, पण तिकिटाला पैसे नव्हते. या खेपेला खर्चाची सोय ज्याची त्यानं करायची होती. सरकारदरबारी खेटे घातले, पण वेळेवर पुरेशी मदत मिळाली नाही. मग खाशाबा आणि त्यांची माणसं दारोदार फिरली. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली. ज्याला जमेल तसं त्यानं दिलं. तरी रक्कम भरत नव्हती.

अशा वेळी प्राचार्य खर्डेकर पुढं आले. त्यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार म्हणजे किती मोठी रक्कम, हे जुन्या माणसांना विचारावं. पोरगा नात्यातला नाही, गोत्यातला नाही. पदक मिळेल याची खात्री नाही. एकदा कॉलेजच्या मैदानावर पाहिलेला खेळ आणि त्या पोराची चिकाटी, एवढ्या भरवशावर एका शिक्षकानं डोक्यावरचं छप्पर पणाला लावलं.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत, उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना त्यांनी हरवलं. मग गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशीईशी. ही कुस्ती लांबली. दोघंही दमले. निकाल इशीईच्या बाजूनं गेला.

अंगातला घाम सुकायच्या आत खाशाबांना पुढच्या कुस्तीसाठी पुकारा झाला. समोर सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेकोव्ह. दोन कुस्त्यांमध्ये पैलवानाला अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ही बाजू पंचांपुढं मांडायला त्या घडीला एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगितलं जातं. थकलेले खाशाबा तसेच गादीवर गेले आणि हरले. इशीईला सुवर्ण, ममदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. इशीईचं ते सुवर्ण त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकमेव सुवर्णपदक होतं. यावरून खाशाबांना किती तगडा जोडीदार मिळाला होता, ते लक्षात येईल.

त्याच पथकात कोल्हापूरचे केशव माणगावेही होते. त्यांच्या गटात ते चौथे आले. पदक एका पायरीनं हुकलं.

स्वतंत्र भारतानं तोवर हॉकीत सुवर्ण मिळवलं होतं. पण एकट्या खेळाडूनं स्वतःच्या जोरावर मिळवलेलं पदक हे पहिलंच. असं दुसरं पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. टेनिसमध्ये लिअँडर पेसनं ते मिळवलं. मध्ये ४४ वर्षं गेली.

बैलगाड्यांची मिरवणूक आणि फेडलेलं देणं

पदक घेऊन खाशाबा कराडला आले, तेव्हा अख्खा परिसर लोटला होता. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली असं आजही त्या भागात सांगतात. ढोल-ताशे, गुलाल, माणसांचा पूर. एरवी काही मिनिटांची वाट, तिला त्या दिवशी कितीतरी तास लागले. बैलगाड्यांचं कौतुक आंबेगाव-जुन्नरकरांना वेगळं सांगायला नको. ज्या गावांनी वर्गणी दिली होती, ती गावंच गाड्या जुंपून आली होती. पदकात त्यांचा वाटा होता.

गुलाल उधळून झाल्यावर खाशाबांनी काय केलं, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः खेळले. त्यातून जमलेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचं देणं फेडलं आणि गहाण घर सोडवलं. ऑलिम्पिकचा पदकविजेता आपल्या सरांचं घर सोडवायला पुन्हा लाल मातीत उतरला.

खाकी वर्दीतली वर्षं

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या स्पर्धांतही त्यांनी मैदान गाजवलं, पोरांना डाव शिकवले. पुढच्या ऑलिम्पिकची तयारी गुडघ्याच्या दुखापतीनं मोडली. नोकरी सुमारे २७ वर्षं झाली. पण बढतीसाठी त्यांना फार वाट पाहावी लागली. साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, तरी निवृत्तिवेतनासाठी झगडावं लागलंच. गोळेश्वरच्या घराला त्यांनी नाव दिलं होतं ‘ऑलिम्पिक निवास’.

१९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना मान मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. वय ५८.

मान मिळाला, पण उशिरा

हयातीत देशाचा एकही मोठा पुरस्कार खाशाबांना मिळाला नाही. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा, म्हणजे ते गेल्यावर सोळा वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला मात्र त्यांच्या नावाचं क्रीडा संकुल नुसतं मंजूर होऊन रेंगाळत राहिलं. २०१७ मध्ये कुटुंबीयांनी त्यासाठी पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून फोटोला हार पडतो.

हार घालताना पोरांना पदकाची गोष्ट सांगितली जाते. तिच्याबरोबर हिशेबाचीही सांगायला हवी. खाशाबांच्या गुणात कधीच खोट नव्हती. कॉलेजच्या मैदानावर अंगकाठी बघून त्यांना परत पाठवलं जात होतं, मद्रासला एका गुणानं नाव जात होतं, आणि शेवटी तिकिटावाचून सगळंच अडत होतं. प्रत्येक वेळी एक माणूस आडवा आला होता आणि एक माणूस पाठीशी उभा राहिला होता. पाठीशी उभी राहिलेली माणसं नसती, तर गोळेश्वरचा एक चांगला पैलवान यात्रा-जत्रांत इनामं जिंकत म्हातारा झाला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

असे पैलवान आपल्याकडंही गावोगाव आहेत. पारावर बसलेल्या कुठल्याही साठीतल्या माणसाला विचारलं, तर तो दोन-चार नावं सहज सांगेल. हायस्कूलला असताना तालुक्यात ज्यांना जोड नव्हती, जिल्ह्याला गेले, आणि पुढं खर्च झेपला नाही म्हणून थांबले.

यंदाच्या यात्रांची वर्गणी गोळा होईल, पावत्या फाटतील, शेवटच्या कुस्तीचं इनाम माईकवरून पुकारलं जाईल. बाहेरगावचा नामांकित पैलवान ते घेऊन जाईल, त्यात वावगं काही नाही. पण रेवड्यांवरच्या कुस्तीत ज्यानं आपल्यापेक्षा मोठ्या पोराला पाडलं, त्या आठवीतल्या पोराचं नाव कुणीतरी वहीत लिहून ठेवलं पाहिजे. पावसाळ्यानंतर शालेय स्पर्धा लागतील, तेव्हा त्याच्या गाडीभाड्याची आणि खुराकाची सोय त्याच वर्गणीतून होऊ शकते. त्यासाठी आज कुणाला घर गहाण ठेवायची गरज नाही.