व्हॉयेजरसोबत निघालेला केसरबाईंचा आवाज नेमका कुठे चाललाय?

मुंबई ते नाशिक अंतर साधारण १७० किलोमीटर. कसारा घाटात अडकलात तर चार-पाच तास कुठेच गेले नाहीत. हेच अंतर व्हॉयेजर १ हे यान दहा सेकंदांत कापतं. सेकंदाला १७ किलोमीटर या वेगानं ते जवळपास पन्नास वर्षं धावतंय आणि त्याच्यासोबत धावतोय गोव्यात जन्मलेल्या एका बाईचा आवाज.

त्यांचं नाव केसरबाई केरकर.

फोंडा तालुक्यातल्या केरी गावात १८९२ साली त्यांचा जन्म झाला. देवळात गाणं कानावर पडायचं, तिथून गोडी लागली. आठव्या वर्षी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तालीम सुरू झाली, पण जेमतेम आठ महिने. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे, पुढे मुंबईत भास्करबुवा बखले, बरकतुल्ला खाँ. गुरू बदलत राहिले, तालीम तुटत राहिली.

शेवटी १९२१ मध्ये जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या केलं. तेव्हा केसरबाईंची तिशी जवळ आली होती. नाव होऊ लागलेलं असताना त्या पुन्हा विद्यार्थी झाल्या. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोपर्यंत हे नातं टिकलं.

ज्या काळात कलावंतीण घराण्यातल्या बाईकडे समाज वाकड्या नजरेनं बघायचा, त्या काळात केसरबाई आपल्या अटींवर गायल्या. पुढे 'सूरश्री' ही पदवी मिळाली, १९६९ साली पद्मभूषण मिळालं. पण आपलं गाणं वाटत सुटायला त्या तयार नव्हत्या. रेकॉर्डिंगला नाखूश. शिकवलं तेही जवळपास फक्त धोंडूताई कुलकर्णींना. साठच्या दशकात त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या.

आणि नेमकं त्यांचंच रेकॉर्डिंग सगळ्यात लांब गेलं!

१९७७ मध्ये नासा दोन व्हॉयेजर यानं सोडणार होती. परग्रहावर कुणी असलंच तर त्यांच्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी त्यावर बसवायची होती. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटाला रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकानं केसरबाईंची भैरवी सुचवली, 'जात कहाँ हो'. ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली.

तासभर राग मांडणाऱ्या बाईंची ही जेमतेम साडेतीन मिनिटं. त्या तबकडीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे.

व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, मुंबईत केसरबाई गेल्या. भैरवी मैफलीच्या शेवटी गातात, हे वेगळं सांगायला नको.

गाण्याच्या नावाचाच अर्थ आहे, कुठे निघालीस. तर उत्तर असं.

२०१२ मध्ये व्हॉयेजर १ नं सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. आज ते २,४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे, तिथून निघालेला संदेश इथे यायला २२ तासांहून जास्त लागतात. तरी सूर्याची गुरुत्वाकर्षणाची पकड सुटलेली नाही. सूर्यमालेभोवती ऊर्टचा मेघ नावाचं बर्फाळ गोळ्यांचं प्रचंड कवच आहे असं मानतात. त्याच्या आतल्या काठाशी पोहोचायला साधारण ३०० वर्षं आणि बाहेर पडायला ३०,००० वर्षं लागतील.

सुमारे ४०,००० वर्षांनी ते ग्लीझ ४४५ या छोट्या लाल ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल. गंमत म्हणजे तोवर यानानं कापलेलं अंतर असेल सव्वादोन प्रकाशवर्षांच्या आसपास. हा तारा आज १७ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे यान त्याच्याकडे कमी जातंय, तोच आपल्या दिशेनं येतोय. दुसरं व्हॉयेजर साधारण त्याच सुमारास रॉस २४८ या ताऱ्याजवळून जाईल. तबकडी त्याच्यावरही आहे.

दोन्ही यानांची वीज त्याच्या कितीतरी आधी संपलेली असेल. तबकडी वाजवायला मात्र यानाची वीज लागत नाही. सुई सोबत दिलेली आहे आणि ती कशी लावायची, तबकडी किती वेगानं फिरवायची, हे कव्हरवर चित्रांनी कोरलेलं आहे.