ज्यांची साक्ष कोणी घेतली नाही

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावी एका गरीब निग्रो कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेले. आईने कष्ट करून मुलास वाढविले, पण १८८५ साली तीही निवर्तली. मुलाची हुशारी पाहून काँग्रिगेशनल मंडळ्यांनी वर्गणी जमविली व त्यास टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठात पाठविले. आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशनचे मूळही याच पंथाच्या मंडळ्यांत आहे.

सुटीत ते खेड्यातील शाळेत शिकवीत. समोर बसणारी मुले गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची होती. पुढे १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले निग्रो ठरले.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले व सुमारे ४० लक्ष गुलाम मुक्त झाले. दक्षिणेत त्यांस मताधिकार मिळाला, कित्येक जण विधिमंडळांतही बसले. १८७७ पर्यंतच्या या काळास पुनर्रचनेचा काळ म्हणतात. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या कैवाऱ्यांस १८७३ साली अर्पण केले, ते याच दिवसांत.

परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठातील प्रा. विल्यम डनिंग व त्यांचे शिष्य या काळाचा इतिहास निराळाच सांगू लागले. निग्रो राज्यकारभारास नालायक होते, त्यांस मत देणे हीच चूक झाली, असे त्यांचे म्हणणे. हेच शाळेच्या पुस्तकांत शिरले. दक्षिणेत निग्रोंचा मताधिकार काढून घेतला गेला होताच. त्या अन्यायास आता विद्वानांचा आधार मिळाला.

१९०९ साली ड्यू बॉइस यांनी इतिहासकारांच्या परिषदेत याविरुद्ध निबंध वाचला. १९३५ साली त्यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा ७०० हून अधिक पृष्ठांचा ग्रंथ निघाला. दक्षिणेत सर्वांसाठी मोफत सरकारी शाळा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः याच काळात, हे त्यांनी दाखविले. शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळेची पाठ्यपुस्तकेच तपासली. मुक्त झालेल्या माणसांची साक्ष इतिहासकारांनी घेतलीच नाही, हा त्यांचा मुख्य आरोप होता. अमेरिकेतील इतिहासाच्या प्रमुख नियतकालिकाने त्या वेळी या ग्रंथाचे परीक्षणही छापले नाही.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी घाना देशात, वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन येथे समान हक्कांसाठी लाखोंचा मेळावा भरला व तेथे त्यांच्या निधनाची वार्ता सांगण्यात आली. त्यानंतर इतिहासकारांचे मत झपाट्याने पालटले. १९८८ साली एरिक फोनर यांनी या काळाचा मोठा इतिहास लिहिला, तो ड्यू बॉइस यांच्याच वाटेने; आणि फोनर प्राध्यापक होते डनिंग यांच्याच कोलंबिया विद्यापीठात! ड्यू बॉइस यांच्या काही मतांवर अद्याप वाद आहेत. पण ती जुनी कथा पुन्हा उभी राहिली नाही.

पुढे ते मंडळीपासून दूर गेले व १९६१ साली कम्युनिस्ट पक्षात सामील झाले, हे आम्ही लपवीत नाही. लपविले तर त्यांच्या चरित्रापासून आम्ही काहीच शिकलो नाही असे होईल. कागदपत्रे बहुतेक तीच होती. फरक पडला तो कोणाची साक्ष ग्राह्य धरायची याचा. नववी आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही. शब्बाथ शाळेत मुलांस एखाद्या लोकांविषयी, जातीविषयी वा गावाविषयी काही सांगताना, त्या लोकांस कोणी विचारले होते काय, एवढे आपण स्वतःस विचारू या.