चोवीस जणांचा चित्रपट, नायक एकही नाही

रॉबर्ट ऑल्टमन यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानाचे सहवैमानिक होते. पुढे माहितीपट व दूरचित्रवाणी मालिकांत उमेदवारी केली; ‘मॅश’ने (१९७०) यश दिले, तेव्हा वय पंचेचाळिशीला टेकले होते. कंट्री संगीताच्या बाजारावरील ‘नॅशव्हिल’मध्ये (१९७५) त्यांनी २४ व्यक्तिरेखा गुंफल्या, नायक मात्र कोणालाच केले नाही. अनेक कलावंतांनी आपली गाणी स्वतःच रचली. अखेरीस भर कार्यक्रमात लाडक्या गायिकेवर गोळी झाडली जाते आणि ध्वनिक्षेपक एका अनोळखी, उपेक्षित गायिकेच्या हाती येतो. दिग्दर्शनाच्या ऑस्करने ऑल्टमन यांना पाच नामांकनांनंतरही हुलकावणीच दिली. मानद ऑस्कर लाभले ते २००६ मध्ये. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ते निवर्तले.