पुनरुत्थान व पंडिता रमाबाई

पुनरुत्थानाचा सण वर्षांतून एकदां येतो. परंतु त्याचा अर्थ रोजच्या जीवनांत कसा उतरतो, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून आम्हांस कळतें.

सन १८५८ मध्यें जन्मलेल्या रमाबाईंनीं १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गमावले. विवाहास दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८८२ सालीं, त्यांस वैधव्य आलें. पुढील वर्षीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन काढलें.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. ज्या उपासमारीनें आपलें घर बुडविलें, तिच्याच तोंडीं रमाबाई पुन्हां गेल्या व निराधार विधवा-मुलींस घेऊन आल्या. जगानें मेल्यांत जमा धरलेल्या त्या मुली केडगांवच्या मुक्तिसदनांत वाचूं लागल्या, माग चालवूं लागल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या.

१९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरी मातेनें पवित्र शास्त्राच्या भाषांतराचें काम सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूंत निजल्या.

विद्यार्थीमित्रहो, पुनरुत्थानाची आशा केवळ मरणापलीकडची नव्हे. दुसऱ्याच्या दारावरील धोंड लोटण्यास जो हात लावतो, तो आजच तिचा वांटेकरी होतो. वर्गांत मागें पडलेल्या सोबत्यास उठविणें हेंही त्याच कार्यांत मोडतें.