नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर

जपानमधील नागासाकी शहराच्या निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांपैकी २० जण जपानी होते, चौघे स्पेनमध्ये जन्मलेले होते, एक मेक्सिकोचा होता आणि एक वसईचा. या वसईकराचे नाव गोन्सालो गार्सिया. मृत्यूसमयी त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. ते धर्मगुरू नव्हते. फ्रान्सिस्कन संघातील ते एक साधे ब्रदर होते. मात्र जपानच्या सर्वोच्च सत्ताधीशासमोर उभे राहून युरोपीय राजदूताच्या वतीने त्यांनी संभाषण केले होते, कारण ती भाषा त्या पथकात त्यांच्याइतकी कोणालाच येत नव्हती.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढच्या दोन दशकांत तेथे तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या दोन्ही संघांचे मठ उभे राहिले. अशा वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. अशा संततीला पोर्तुगीज 'मिस्तीस' म्हणत. राज्यकर्त्यांच्या लेखी ती पूर्णपणे आपली नसे, गावकऱ्यांच्या लेखीही नसे. गोन्सालो यांच्या पुढील आयुष्यावर या जन्माची सावली शेवटपर्यंत राहिली.

लहानपणी ते वसईच्या जेझुइटांकडे शिकले आणि किशोरवयातच या संघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये कागोशिमाला उतरून तेथे सुरू केलेल्या कार्याला तेव्हा जेमतेम पाव शतक होत आले होते. युरोपातून येणाऱ्या धर्मगुरूंना जपानी भाषा फार जड जाई; प्रवचन लिहून घ्यावे, पाठ करावे आणि वाचून दाखवावे, अशीच बहुतेकांची रीत. गोन्सालो यांना मात्र लहान वयामुळे म्हणा वा अंगच्या देणगीमुळे म्हणा, ही भाषा चांगली अवगत झाली. सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून खेड्यापाड्यांत हिंडले.

जेझुइट संघात आपल्याला रीतसर प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. पूर्वेकडील मिशनांचे प्रमुख आलेस्सांद्रो वालिन्यानो हे जपानी तरुणांना संघात घ्यावे या मताचे होते, परंतु भारतात जन्मलेले एतद्देशीय आणि मिश्र रक्ताचे लोक घेण्यास त्यांचा ठाम विरोध होता. त्या काळच्या या धोरणाचा गोन्सालो यांच्या बाबतीत नेमका किती वाटा होता हे बाजूला ठेवले, तरी वर्षानुवर्षे वाट पाहूनही दार उघडले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. त्यांनी जेझुइटांची सेवा सोडली, व्यापारात उतरले आणि त्यात जमही बसवला. या व्यापाराच्या निमित्ताने त्यांचे फिलिपिन्समधील मनिला येथे येणे-जाणे सुरू झाले.

मनिला हे स्पॅनिश सत्तेचे आशियातील ठाणे. तेथील फ्रान्सिस्कन मठाने वसईच्या या माणसाला आपल्यात सामावून घेतले. व्यापार, पैसा, सगळे मागे टाकून गोन्सालो यांनी अंगावर जाडाभरडा झगा चढवला.

येथे एक गुंतागुंत समजून घेतली पाहिजे. १५८० पासून स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, पण दोन्ही राज्यांच्या मिशनांचे प्रांत वेगळे होते. जपान हे पोर्तुगीज आश्रयाखालील जेझुइटांचे क्षेत्र मानले जाई, आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये आज्ञापत्र काढून ते केवळ त्यांच्यासाठीच राखून ठेवले होते. मनिलाच्या फ्रान्सिस्कनांना हे मान्य नव्हते. तिकडे जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता, तो अमलात मात्र सैलपणे येत होता. पुढे त्याने मनिलाच्या गव्हर्नरकडे शरणागतीची मागणी करणारे पत्र धाडले. त्याच्याकडे प्रथम गेलेले डोमिनिकन राजदूत ह्वान कोबो यांचे जहाज परतीच्या वाटेवर तैवानजवळ फुटले आणि ते परत आलेच नाहीत. १५९३ मध्ये दुसरे शिष्टमंडळ निघाले. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता, आणि त्यांचे दुभाषी होते गोन्सालो.

ज्या देशातून ते उमेदवारी नाकारली जाऊन बाहेर पडले होते, त्याच देशात ते आता राजदूताचा आवाज होऊन परतले. कोरियावरील स्वारीसाठी क्यूशू बेटावरील नागोया येथे तळ ठोकून बसलेल्या हिदेयोशीची त्यांनी भेट घेतली. एका बाजूला सर्वांनी आपल्यापुढे नमावे अशी अपेक्षा बाळगणारा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला वाकण्यास तयार नसलेले स्पॅनिश. मधल्या माणसाने शब्द कसे निवडले असतील, याचा विचार केला की दुभाषाचे काम किती जोखमीचे असते ते ध्यानात येते. भेट फिसकटली नाही. फ्रान्सिस्कनांना क्योटो येथे राहण्याची मुभा मिळाली. १५९४ मध्ये तेथे त्यांचे चर्च उभे राहिले आणि महारोग्यांसाठी रुग्णालयही. समाजाने टाकलेल्यांच्या जखमा धुणारे हे अनवाणी परदेशी क्योटोकरांना नवलाचे वाटले असावेत. जेझुइट मात्र अस्वस्थ होते. हुकूम डोक्यावर असताना राजधानीत उघडपणे उपासना करणे म्हणजे सर्वांनाच संकटात लोटणे, असे त्यांचे मत होते. पुढील घटना पाहता ही भीती अगदीच अनाठायी नव्हती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले 'सान फेलिपे' हे मालाने भरलेले गलबत वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, अशी फुशारकी गलबतावरच्या एका अधिकाऱ्याने मारली, अशी कथा पसरली. ती खरी की रचलेली, यावरून जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे कित्येक वर्षे एकमेकांवर दोषारोप करीत राहिले. हिदेयोशीचा क्रोध भडकला आणि डिसेंबरमध्ये क्योटो व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले.

अटकेतील २४ जणांच्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि त्यांची शहरांतून धिंड निघाली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांच्यातच ओढले गेले आणि संख्या २६ झाली. फ्रान्सिस्कन सहा, जपानी जेझुइट तीन, बाकी १७ सामान्य जपानी श्रद्धाळू. त्यांत १२, १३ आणि १४ वर्षांची तीन मुले होती. पूर्वी दोन संघांमध्ये भिंत होती, ती या वाटेवर उरली नाही. क्रुसावर सर्वांत आधी गोन्सालो यांना चढवले गेले, असे परंपरा सांगते.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना 'धन्यवादित' घोषित केले. वसईत त्यांचा सण साजरा होऊ लागला. पण मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज आणि त्यांचे धर्मगुरू किल्ला सोडून गेले, मठ ओस पडले. त्याबरोबर गोन्सालो यांची स्मृतीही मंदावली. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी नागासाकीच्या २६ जणांना संतपद दिले, तेव्हा खुद्द जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती; ती १८७३ मध्ये उठली. संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर उभारलेल्या स्मारकात २६ जणांच्या कांस्यमूर्ती आहेत.

भारतात मात्र त्यांना आपले म्हणण्यास उशीरच झाला. पोर्तुगीज पित्याचे नाव लावणारा हा माणूस भारतीय कसा, असा प्रश्न विचारला जाई. जिवंतपणी नेमक्या उलट कारणाने त्यांची उपेक्षा झाली होती. २००८ मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संतपदी पोहोचल्या, तेव्हा त्यांना 'पहिल्या भारतीय महिला संत' असे काळजीपूर्वक म्हणावे लागले, ते गोन्सालो यांच्यामुळे. वसईत एव्हाना गास गावचे चर्च, महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले होते, आणि किल्ल्यातील जुन्या जेझुइट चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा होतो. ज्या संघाने त्यांना प्रवेश दिला नाही, त्याच संघाची ही वास्तू.